कामाचे नाव : कादंबरी लिहिणे

आधीच सांगून ठेवतो, कंपाउंडच्या भिंतीवरचं ते मी लिहिलेलं न्हाई. माझ्या हातचं असतं तर त्यात शुद्धलेखनाच्या चुका नसत्या, आणि 'दोष दायित्व कालावधी : तीन वर्षे' ही ओळ तर मी मेलो तरी लिहिली नसती. रस्ता उखडला तर ठेकेदारानं फुकट दुरुस्त करून द्यायची ती मुदत; कादंबरीला कुठं दोष दायित्व कालावधी असतो का? पण नवीन जालन्यात आमच्या कॉलनीत कोणालाही विचारा, तो सांगेल, असतो की, बोर्डे साहेबांच्या कादंबरीला हाय ना. माझं आडनाव बोर्डे. त्यामुळं बोर्डेंचा बोर्ड हा विनोद इथल्या प्रत्येक माणसाला जणू जगात पहिल्यांदा त्यालाच सुचला, आणि प्रत्येकानं मला रस्त्यात गाडी थांबवायला लावून तो ऐकवला.

मी बुद्धभूषण बोर्डे. एका बियाणं कंपनीत पाकिटावरचा मजकूर लिहितो. कपाशीच्या, मिरचीच्या, टरबुजाच्या पाकिटामागं बारीक अक्षरात जे छापलेलं असतं ते कोणीतरी बसून लिहीत असेल, हे तुमच्या कधी डोक्यात आलं न्हाई ना? कोणाच्याच येत न्हाई. 'झाडाची वाढ उभट, बोंड टपोरे, वेचणीस सोपे, रसशोषक किडींस सहनशील.' हे माझं साहित्य. लाखात खपतं. शेतकरी पाकीट फाडतो, बी सरीत टाकतो आणि माझं साहित्य बांधावर फेकून देतो. ते शेळ्या खातात, आणि मी स्वतः पाहिलंय, त्यासुद्धा अर्धंच खातात. माझी एवढीच इच्छा होती की आयुष्यात एकदा तरी मी लिहिलेलं काहीतरी एखाद्या माणसानं हातात घ्यावं आणि त्याला ते खाली ठेवू वाटू नये. म्हणून मी कादंबरी लिहायचं ठरवलं.

घरात टेबल एकच, आणि त्यावर इस्त्रीचे कपडे. ते उचलायला प्रीतीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, आधी ह्या कादंबरीची गरज काय असं विचारलं. ती शाळेत शिकवते, त्यामुळं कोणत्याही गोष्टीचा उद्देश आधी स्पष्ट झाला पाहिजे अशी तिची पद्धत. मी उद्देश स्पष्ट केला. कपडे उचलल्या गेले. मी बसलो, आणि दुपारपर्यंत पहिला परिच्छेद झालासुद्धा. 'नायक मध्यम उंचीचा असून त्याची वाढ उभट होती. नायिका डोळ्यांत भरणारी, चमकदार व दूरच्या वाहतुकीस योग्य होती.' कागद मी प्रीतीला दिला.

"दूरच्या वाहतुकीस योग्य म्हणजे काय हो?" ती म्हणाली.

"सासर लांब हाय तिचं," मी म्हणलं.

तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली आणि ती कागद ठेवून निघून गेली. परत आलीच न्हाई. मला कुकरचा राग आला, मंग स्वतःचा आला, मंग बियाणं कंपनीचा आला. आयुष्यभर टरबुजाचं वर्णन केलेल्या माणसाला बाईचं वर्णन कसं जमावं? मी बसून राह्यलो. कागद कोरा, पंखा चालू.

इथपर्यंत हे घरातल्या घरात होतं. पण प्रीतीनं शेजारच्या उषाबाईंना सहज सांगितलं, की मिक्सर जरा सकाळी लावून घेत जा, आमचे हे कादंबरी लिहून राह्यलेत. झालं. उषाबाईंच्या कानात गेलेली गोष्ट आणि नळाला आलेलं पाणी, दोन्ही कॉलनीभर बराबर पोचतात. संध्याकाळी त्यांचे यजमान रामराव चप्पल काढून सरळ टेबलापाशी येऊन उभे राह्यले.

रामराव बांधकाम खात्यातून रिटायर झालेले. अख्खी नोकरी रस्त्यावर काढली. त्यांनी माझा कोरा कागद उचलला, उलटा करून पाह्यला आणि विचारलं, "काम काहून बंद हाय?"

"सुचून न्हाई राह्यलं," मी म्हणलं.

"सुचत न्हाई असं नसतं, बोर्डे साहेब. फलक न्हाई लावला तुम्ही. कोणतंबी काम फलक लावल्याशिवाय सुरू होतं का?"

"फलक लावलेली कामं रखडत न्हाईत का?"

"रखडतात ना. पण ती रखडलेली कामं म्हणून गणल्या जातात. बिनफलकाचं काम रखडलं तर ते काम नव्हतंच. तुम्ही घरात गुपचूप बसून राह्यले, कोणाला माहीत न्हाई, मंग तुमच्यावर दाब कोणाचा?"

सांगायला लाज वाटते, पण मला हे पटलं. पटायचं कारण असं की माणसाला सुचत नसलं म्हणजे त्याला टेबलापासून उठवणारी प्रत्येक गोष्ट पटते. मी म्हणलं, ठीक आहे, एक छोटी पाटी करू. 'येथे कादंबरी लिहिली जात आहे. हॉर्न वाजवू नये.' एवढंच. रामरावांनी त्यांच्या ओळखीच्या फकरोद्दीन पेंटरला निरोप धाडला, आणि मी दुसऱ्या दिवशी निश्चिंत मनानं ऑफिसला गेलो.

संध्याकाळी परत आलो तर माझी कंपाउंडची भिंत पिवळी झाल्ती आणि तिच्यावर काळ्या ऑइलपेंटमध्ये लिहिलेलं होतं:

कामाचे नाव : कादंबरी (पहिली) लिहिणे
योजना : स्थानिक विकास निधी
लांबी : तीनशे पाणे
रक्कम : अंदाजपत्रकाप्रमाणे
ठेकेदार : श्री. बुद्धभूषण बोर्डे
काम पूर्ण : दिवाळीपूर्वी
दोष दायित्व कालावधी : तीन वर्षे

फकरोद्दीनचाचा खाली बसून ब्रश धूत होते. म्हातारा माणूस, मान हलवत स्वतःच्या कामाकडं बघून राह्यला होता. मी म्हणलं, चाचा, हे काय केलं?

"रामराव साब बोले, कामाचा फलक. कामाचा फलक ऐसाच रहता, साब. मेरे हात को आदत है. पैली ओळ लिखा के बाकी की अपनेआप आती."

"अहो पण निधी कुठला? मला कोणी निधी दिलाय?"

"निधी की ओळ नै लिखे तो फलक नंगा दिखता साब," चाचा म्हणाले, आणि ब्रश झटकून पिशवीत ठेवला.

आता बघा, ह्या माणसाचा राग तरी कसा धरायचा? मलाही एकदा नायिका लिहिताना टरबूज आलंच होतं. मी गप बसलो. ते माझं चुकलं.

दुसऱ्याच दिवशी कडूबा आला. कडूबा वाळू-गिट्टीचा धंदा करतो. त्यानं गाडीवरून न उतरता विचारलं, "साहेब, एखादं प्रकरण आम्हालाबी द्या. मारामारीचं द्या. माणसं माझ्याकडं हायेत." मी त्याला समजावलं की कादंबरी अशी वाटून देता येत न्हाई. तो म्हणला, तीनशे पानं एकटा माणूस ओढतो का कुठं, आणि नाराज होऊन गेला. मंग एक गृहस्थ आले, त्यांना कादंबरी त्यांच्या गल्लीतून न्यावी असं वाटत होतं. दुसऱ्या एकानं ती आपल्या गल्लीतून जाऊ नये म्हणून निवेदन दिलं. कोणीतरी एका कचेरीत माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला, की सदर कादंबरीवर आजवर किती निधी खर्च झाला. कचेरीचं नाव मी सांगत न्हाई, मला ह्याच गावात राहायचंय.

त्या कचेरीतून राधेश्याम नावाचे क्लार्क आले. भला माणूस. पाणी प्याले आणि ओशाळून म्हणाले, "साहेब, आमच्या दप्तरी असं कोणतंच काम न्हाई."

"मंग तसंच कळवा ना."

"काम न्हाई असं कळवायला आधी जागेवर जाऊन काम न्हाई हे बघावं लागतं. पंचनामा लागतो."

पंच म्हणून रामराव आणि उषाबाई आनंदानं आले. उषाबाई तर साडी बदलून आल्या. राधेश्यामांनी मला खुर्चीत बसवलं आणि माझ्यासमोर माझाच पंचनामा मोठ्यानं बोलत लिहिला. जागेवर टेबल एक, खुर्ची एक, पेन दोन, पंखा एक चालू स्थितीत. ठेकेदार जागेवर हजर. काम शून्य टक्के.

"शून्य काहून?" मी म्हणलं. मला खरंच लागलं ते. "विचार चालू हाय माझा. विचार म्हणजे काम न्हाई का?"

"विचार मोजता येत न्हाई साहेब. मोजमाप पुस्तकात काय चढवू मी?"

"पायासुद्धा खणलेला न्हाई," रामराव म्हणाले आणि खाली सही केली.

स्वतःच्या घरात, स्वतःच्या खुर्चीत बसून शून्य टक्के ठरण्याची वेळ वैऱ्यावरही येऊ नये. ऑफिसात मला लोक मान देतात. कपाशीच्या नव्या वाणाला 'सहनशील' लिहावं का 'प्रतिकारक' हे मालकसुद्धा मला विचारतात. आणि इथं उषाबाई जाताना प्रीतीला हळूच म्हणाल्या, "बाई, तुमचे मिस्टर दिवसभर करतात तरी काय मंग?"

माझं डोकं फिरलं. मी चुना आणला, बादलीत कालवला आणि भर उन्हात भिंत पांढरी करून टाकली. रामराव त्यांच्या गेटातून ओरडत होते, काम चालू असताना फलक झाकता येत न्हाई, पण मी ऐकलं न्हाई. चुना वाळला. ऑइलपेंटवर चुना धरत न्हाई हे मला कोणी सांगितलं नव्हतं, म्हणजे चाचा सांगत होते पण मी ऐकलं न्हाई. बारीक अक्षरं झाकल्या गेली. जिथं चाचांनी जाड ब्रश मारला होता तेवढे दोनच शब्द वर आले, 'निधी' आणि त्याच्या खाली 'पूर्ण'.

आता सगळा गाव वाचत होता, निधी पूर्ण. एकानं विचारलं, पूर्ण आला का पूर्ण खाल्ला? मी उत्तर दिलं न्हाई, तर त्यानं ते उत्तरच समजून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेट उघडलं तर समोर ताडपत्री बांधलेली, खाली सतरंजी, सतरंजीवर वसंता, आणि वसंताच्या डोक्यावर बॅनर: 'कादंबरीचे रखडलेले काम तात्काळ सुरू करा. आमरण उपोषण.' वसंताला वार्डातून निवडून यायचंय. नाली तुंबली, खांबावरचा दिवा गेला, की वसंता उपोषणाला बसतो. त्याचं एक बरं असतं, दुपारच्या आत कोणीतरी साहेब येतो, लेखी आश्वासन देतो, मोसंबीचा ज्यूस पाजतो आणि वसंता जेवायला घरी जातो.

"वसंताभाऊ," मी म्हणलं, "ही माझी खाजगी कादंबरी हाय."

"भिंतीवर काहून लिहिली मंग?"

"भिंतबी माझीच हाय."

"भिंत तुमची असंल. वाचलं कोणी? जनतेनं वाचलं."

मी आत जाऊन कंपनीच्या लेटरहेडवर लेखी आश्वासन लिहून आणलं, की सदर कादंबरी मी लवकरच सुरू करीन. वसंतानं ते वाचून परत दिलं. म्हणला, साहेब, लेखी आश्वासनं लय पाह्यली, ह्या वेळेस प्रत्यक्ष काम सुरू झाल्याशिवाय उठणार न्हाई असं मी माइकवर बोलून बसलो.

आणि इथंच घोळ झाला. दुपार झाली, कोणी साहेब आलाच न्हाई. कसा येईल? नालीला खातं असतं, दिव्याला खातं असतं. कादंबरी कोणत्याच खात्यात बसत न्हाई. राधेश्याम एकदा सायकलवरून लांबूनच बघून गेले. दुसरा दिवस उजाडला. वसंताचे चार कार्यकर्ते आळीपाळीनं जेवून येत होते, पण वसंता खरोखर उपाशी होता. पठ्ठ्यानं एक दाणा तोंडात घातला न्हाई. उषाबाईंनी फोडणी टाकली की तो डोळे मिटून घ्यायचा.

प्रीती दर थोड्या वेळानं खिडकीतून बघायची. शेवटी म्हणाली, "अहो, शुगर आहे त्यांना. त्या माणसाला काही झालं तर?"

मी बाहेर गेलो. कार्यकर्ते चहाला गेल्ते. वसंतानं मला जवळ बोलावलं, आणि माइकवरचा आवाज सोडून घरच्या आवाजात म्हणला, "साहेब, लय भूक लागून राह्यली. काल घरी सांगून आल्तो, दुपारी जेवायला येतो. आता असाच उठलो तर वार्डात तोंड दाखवता यायचं न्हाई. एक पान लिहा ना. एकच. कसंबी लिहा."

त्याचे ओठ सुकले होते. मला त्याची दया आली आणि स्वतःची भयंकर शरम वाटली. एक माणूस माझ्या एका पानासाठी मरायला टेकलाय आणि माझ्याकडं ते पान न्हाई. मी म्हणलं, लिहितो.

"इथंच लिहा," तो म्हणला. "आत लिहिलं तर लोक म्हणतील जुनंच काढून आणलं."

मंग माझं टेबल बाहेर आलं. खुर्ची आली. रामरावांनी टेबलाभोवती चुन्याची रेघ मारून घेतली, म्हणजे गर्दी आत येणार न्हाई. गर्दी रेघेवर येऊन वाकली. फकरोद्दीनचाचा पिशवी घेऊन आले, काम सुरू झालं की तारीख टाकायची म्हणून. प्रीती मोसंबीचा ज्यूस काढून ग्लास हातात धरून उभी राह्यली.

मी लिहिलं, 'नायक मध्यम उंचीचा.' खोडलं. मागून रामराव म्हणाले, खोदकाम चालू हाय. मी लिहिलं, 'गाव सुपीक व निचऱ्याचे होते.' खोडलं. वसंताच्या पोटातून एवढा मोठा आवाज आला की चौथ्या रांगेतल्या माणसानं मान वर केली. आणि मला काय झालं सांगता येत न्हाई. मला माझे मामा आठवले. ते एका साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते. उसाची ट्रॉली भरलेली येते, काट्यावर उभी राहते, आत जाऊन रिकामी होते, परत काट्यावर येते. लहानपणी मी त्यांच्या केबिनमध्ये बसून ते बघत राहायचो. बाकीचं कुठून आलं मला माहीत न्हाई. मी मान खाली घातली आणि पान भरलं तेव्हाच वर केली.

"वाचा," वसंता म्हणला.

मी उभं राहून वाचलं. कारखान्याच्या काट्यावर रामकिसन नावाचा माणूस होता. त्याच्या काट्याची चूक आजवर कोणी काढली नव्हती. त्या दिवशी पहाटे एक ट्रॉली आली, ऊस उतरवून परत काट्यावर उभी राह्यली, आणि रिकाम्या ट्रॉलीचं वजन एका माणसाएवढं जास्त भरलं. रामकिसन खाली उतरला. ट्रॉलीत वाकून पाह्यलं, आत कोणी नव्हतं. खाली पाह्यलं, कोणी नव्हतं. ड्रायव्हर त्याच्या शेजारीच उभा होता. रामकिसन परत केबिनमध्ये आला. तो बघत असताना काटा हळूच खाली आला आणि बराबर रिकाम्या ट्रॉलीच्या वजनावर थांबला. म्हणजे जे कोणी होतं, ते आता उतरलं होतं. आणि केबिनच्या पायरीचं फळकूट वाजलं.

पान तिथंच संपलं होतं. मी कागद खाली केला. पलीकडच्या रस्त्यावर ऑटो थांबला होता, त्याचा ड्रायव्हरसुद्धा मान बाहेर काढून होता.

काम सुरू झालं होतं. प्रीती पुढं झाली, तिनं ग्लास वसंताच्या हातात दिला. कार्यकर्त्यांनी मोबाइल वर धरले. वसंतानं ग्लास ओठाला लावला, आणि तसाच थांबला.

"कोण होतं?" त्यानं मला विचारलं.

"कोण?"

"ट्रॉलीत."

"ते अजून ठरलं न्हाई," मी म्हणलं.

"ठरलं न्हाई म्हंजे? पायरी वाजली ना?"

"वाजली. पण मी तिथपर्यंतच आलोय."

"काटा खराब असणार," रामराव म्हणाले. "वंगण न्हाई टाकलं की असं होतं."

"काटा खराब असता तर उतरला कसा खाली?" चाचा त्यांच्यावर उखडले. "मरा हुआ आदमी है वो. मरे हुए का वजन रहता, साब."

"बाईच असणार," उषाबाई म्हणाल्या. "आणि त्या रामकिसनला माहिती हाय, दाखवत न्हाई मेला."

तिघांचं जुंपलं. रेघ पुसून गर्दी आत आली. वसंता त्या गोंधळात एकटक माझ्याकडं बघत होता. मंग त्यानं तो भरलेला ग्लास, एक घोटही न घेता, सतरंजीवर ठेवून दिला.

"मी न्हाई उठत," तो म्हणला.

"अरे वसंताभाऊ, मागणी मान्य झाली तुमची. काम सुरू झालं."

"ती मागणी संपली. पायरीवर कोण हाय ते सांगा, मंग ज्यूस."

मी हात जोडले, शुगरची आठवण दिली, काही उपयोग झाला न्हाई. चाचांनी पिशवीतून ब्रश काढला आणि नवी मागणी लिहायला बॅनरवरची जुनी ओळ खोडायला घेतली. मी शेवटी प्रीतीकडं पाह्यलं, म्हणलं, तू तरी ह्यांना सांग. तिनं माझ्या हातातून कागद घेतला. उभ्या उभ्या वरपासून खालपर्यंत वाचला, मंग उलटून मागची कोरी बाजू पाह्यली, मंग परत वरपासून वाचला.

मंग तिनं पदर खोचला आणि कागद हातातच धरून वसंताच्या शेजारी सतरंजीवर जाऊन बसली.

"आज स्वयंपाक बंद," ती म्हणाली. "आधी सांगा कोण होतं."

मला इतका आनंद झाला की उभ्या जागी रडू येईल असं वाटलं. मी टेबल उचललं आणि उपाशीपोटी आत गेलो.